सकाळी घरी पोचवणारी कंपनी

ट्रेलरची कंपनी निवडताना बाकीचे नवे ड्रायव्हर काय काय बघतात ते मला माहीत आहे. गाडीचं मॉडेल बघतात, केबिनमध्ये एसी आहे का बघतात, पगार वेळेवर होतो का हे तिथल्या जुन्या ड्रायव्हरला चहा पाजून काढून घेतात. मी यातलं काहीच बघत नव्हतो. मला एवढंच हवं होतं की रोज सकाळी, घरातले उठायच्या वेळेला, मी हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या आमच्या घरी असावं. त्या वेळेला बाबांना उचलून बाथरूममध्ये न्यावं लागायचं, आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नव्हते.

बाबा पोस्टात सॉर्टर होते. सगळी नोकरी पत्रं त्या त्या गावाच्या कप्प्यात टाकण्यात गेली. निवृत्त झाल्यावरही विद्यानगरपर्यंत चालत जायचे, वाचनालयात पेपर चाळायचे, येताना कोथिंबीर आणायचे. मग एक दिवस ओल्या फरशीवरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले चालतील, पण ते काही चालले नाहीत. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, कमोडवरून परत खुर्चीत, एवढाच त्यांचा प्रवास उरला आणि त्याचं वाहन मी.

खरं तर या कामाला माझ्यापेक्षा माझी बायको शंभरपट लायक. ती एका खासगी दवाखान्यात वॉर्डात कामाला आहे. दिवसभर परक्या म्हाताऱ्यांना उठवते, कुशीवर वळवते, पुसते, कपडे बदलते. पण बाबांच्या लेखी ती सून. आमच्या घरात आई गेल्यापासून एक रिवाज फार कडक झाला होता. बाबा स्वयंपाकघराकडे यायचे तेव्हा आधी खाकरायचे. ते खाकरले की ती पदर सावरून बाजूला व्हायची, मग ते माठातलं पाणी घ्यायचे आणि जायचे. दोन खोल्यांच्या घरात एवढं अंतर त्यांनी वर्षानुवर्षं राखलं होतं. ती त्यांना मामा म्हणते, ते तिला माय म्हणतात, आणि दोघांचं बोलणं जास्त करून माझ्यामार्फत. अशा माणसाला सुनेने कमोडवर बसवायचं म्हणजे त्यांना मरण बरं वाटलं असतं. तसं ते म्हणालेही होते, अगदी याच शब्दांत.

आधी हा प्रश्न नव्हता, कारण मी एका कॉलेजची बस चालवायचो. सकाळी बाबांचं आटोपून निघायचं, दुपारी घरी, संध्याकाळी पुन्हा एक फेरी. मग कॉलेजने बसचं कंत्राट दुसऱ्याला दिलं आणि त्या दुसऱ्याने स्वतःची माणसं आणली. हेवी लायसन्स माझ्याकडे होतं. ओळखीतल्या एकाने सांगितलं, ट्रेलरवर जा, ट्रेलरला ड्रायव्हर मिळत नाहीत. ट्रेलर म्हणजे बिनभिंतीची गाडी. पुढे इंजिनाचा भाग, त्याला या धंद्यात घोडा म्हणतात, आणि मागे नुसता लांबलचक सपाट पाटा. त्यावर सळ्या, पाइप, मशिनं, फरशीचे दगड, जे ठेवाल ते. धरून ठेवायला भिंती नाहीत, जे काय ते साखळीने आणि पट्ट्याने बांधायचं. बसमधली पोरं निदान स्वतःच दांडा धरून उभी राहायची.

ट्रेलर मागे घ्यायला शिकण्यातच माझा जीव मेटाकुटीला आला. स्टिअरिंग उजवीकडे वळवावं तर मागचा पाटा डावीकडे जातो. या वयात उलटं शिकणं सोपं नसतं. शिकवणारा तेलुगू होता, माझ्याहून बराच लहान, आणि मला सारखा ‘मेल्लगा मेल्लगा’ म्हणायचा, म्हणजे हळू हळू. मी हळूच होतो. दमलेला माणूस आणखी किती हळू होणार?

शिकून झालं आणि मी कंपन्या बघायला निघालो.

पहिली कंपनी बाहेरच्या रिंग रोडला लागून होती. काचेचं ऑफिस, आत गारवा, भिंतीवर मोठा पडदा. पडद्यावर हसतमुख ड्रायव्हर हेल्मेट घालून साखळी आवळत होता. एका मुलीने इंग्रजी मिसळलेल्या हिंदीत सगळं समजावलं. विमा, जेवणाचा भत्ता, नवीकोरी गाडी, गाडीत झोपायला गादी. सगळं उत्तम. मी विचारलं, घरी कधी यायला मिळेल? ती म्हणाली, महिन्यातून एकदा नक्की. तिने ते इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी आभार मानून बाहेर आलो आणि बसस्टॉपवर येईपर्यंत मला रागही आला नाही.

दुसरी कंपनी म्हणजे कंपनी म्हणायची एवढंच. मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत, एका घराची पुढची खोली. नवरा वारल्यावर त्याच्या जुन्या ट्रेलरचा धंदा एक बाई चालवत होत्या. साठीच्या असतील. समोर पानदान, बाजूला दोन मोबाइल, आणि कोपऱ्यात साखळ्या आणि पट्ट्यांचा ढीग. सगळे ड्रायव्हर त्यांना आपा म्हणायचे, म्हणून मीही म्हणालो. त्यांनी माझं लायसन्स बघितलं नाही, आधी हात बघितले. म्हणाल्या, बस चालवणाऱ्याचे हात मऊ असतात, पट्टा ओढून सोलतील, तयारी आहे का? मी हो म्हणालो आणि माझा एकच प्रश्न विचारला. त्यांनी पान लावणं थांबवलं.

“देखो भाई, जुबान मैं नै देती,” त्या म्हणाल्या. “नजदीक का माल आया तो घर, दूर का आया तो दूर. और एक बात. माल अपने हाथ से बांधना. दूसरे का बांधा हुआ लेके निकलना नक्को.”

मी बाबांचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण जबान काही दिली नाही. मी उठलो तेव्हा मात्र त्यांनी कोपऱ्यातल्या ढिगातून एक जुना पिवळा पट्टा ओढून काढला. माल बांधायचा, चार बोटं रुंदीचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. नवऱ्याला शेवटी त्या अशाच पट्ट्याने उठवायच्या. कमरेभोवती गुंडाळायचा, दोन्ही बाजूंनी मुठीत धरायचा आणि आपल्या पाठीवर भार न घेता गुडघ्यांवर घ्यायचा. त्यांनी मला उभं करून माझ्याच कमरेला बांधून दाखवला. मी पट्टा घेऊन घरी आलो आणि ती कंपनी मनातून काढून टाकली. पट्टा देणारी कंपनी मला नको होती. वचन देणारी हवी होती.

पट्ट्याने मात्र कमाल केली. माझ्या कमरेचं दुखणं सुटलं आणि बाबांच्या बगला दुखायच्या थांबल्या. पहिल्या दिवशी मी पट्टा आवळला तेव्हा ते म्हणाले, “माल समजून बांधू नकोस रे.” आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

तिसरी कंपनी मराठी माणसाची निघाली. ऑटोनगरच्या पुढे त्याचं आवार होतं. गेटवरच्या माणसाशी मी हिंदीत बोलत होतो तेवढ्यात माझा फोन वाजला, बायकोचा होता, आणि मला मराठीत बोलताना आतून मालकाने ऐकलं.

“पाव्हणं, कोण्या गावचे हो तुम्ही?” आतून हाक आली.

या शहरात मी जन्मलो, वाढलो. तेलुगू बाजारात, दखनी रस्त्यावर, हिंदी ऑफिसात आणि मराठी फक्त घरात, तीही आता मुलगी अर्धी इंग्रजीतून बोलते. मुलीला मराठी वाचता येत नाही, एकेक अक्षर लावत बसते. अशा माणसाला परक्या गेटवर कुणी मराठीत गाव विचारलं की त्याचं अर्धं डोकं चालायचं बंद होतं. मी आत गेलो. मालक पन्नाशीचा, अंगाने भरलेला, उदगीरकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. त्याचे आजोबा निजामाच्या काळात इथे आलेले. भिंतीवर मराठी कॅलेंडर होतं. मी कंधारकडचं आमचं गाव सांगितलं, तर त्याला गावाजवळचा ओढासुद्धा ठाऊक. मग त्याने आडनाव विचारलं. मी सांगितलं.

तो क्षणभर थांबला. फार नाही, चहाचा घोट गिळण्यापुरता.

“आपल्यात तसलं काही नाही बरं का,” तो म्हणाला. “हैदराबादेत मराठी तेवढे सगळे एक.”

मी काही विचारलंच नव्हतं. पण तो पुढे इतकं चांगलं बोलत गेला की ते मी बाजूला ठेवलं. बाबांचं ऐकून त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. म्हणाला, आई-वडिलांची सेवा करणारा माणूस मला पाहिजेच. तुम्हाला शहरातलाच माल देईन, रोज रात्री घरी, हा शब्द. आणि हा शब्द मराठीत होता.

घरी येऊन सांगितलं तर बाबा खुर्चीतच ताठ झाले.

“गाव विचारलं त्याने?”

मी म्हणालो, हो, विचारलं. ओढासुद्धा सांगितला.

आता बाबांचं हे मला आजही कळलेलं नाही. ज्या प्रश्नामुळे त्यांनी तरुणपणी गाव सोडलं तो हाच प्रश्न. गाव सांगितलं की पुढे आडनाव, आणि आडनाव सांगितलं की पुढचं विचारावं लागत नाही. माठापासून लांब बसायला कुणी सांगत नाही, आपलं आपल्यालाच कळतं. ते हैदराबादेत आले ते इथे कुणी तसं विचारत नाही म्हणून. शहराची हीच एक गोष्ट त्यांना आवडायची आणि तसं ते आम्हाला शंभर वेळा सांगायचे. पण सगळी नोकरी मराठवाड्यातल्या गावांची नावं पाकिटांवर वाचत गेली, आणि त्या गावांतलं कुणी एकदाही येऊन म्हणालं नाही की हां, तुमचं गाव मला माहीत आहे. त्या दिवशी कुणीतरी म्हणालं. त्याने आडनाव विचारलं का, ते बाबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली बसून ते मला म्हणाले की बाकीच्या कंपन्यांचा नाद सोड, आपल्या माणसाजवळ राहा. मलाही तेच ऐकायचं होतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आम्ही तर घरात दोघे गरजवंत होतो.

पहिला माल भरला त्या दिवशीची गोष्ट. त्या आवारात रिवाज होता की नवा ड्रायव्हर आपल्या पहिल्या फेरीला स्वतः गाडीच्या पुढच्या चाकाजवळ नारळ फोडतो, चाकाखाली लिंबं ठेवतो आणि सगळ्यांना खोबरं वाटतो. आमच्या घरात नारळ फोडत नाहीत. बाबांनी ते तरुणपणीच सोडलं, मी कधी धरलंच नाही. आदल्या दिवसापासून माझी तयारी चालली होती की मालकाला नम्रपणे कसं सांगायचं. हात जोडून उभा राहीन, फोडणार नाही, कुणी वाईट मानू नका. वाक्य पाठ केलं होतं.

ते वाक्य बोलायची वेळच आली नाही. सगळे जमले, मालकाने नारळ उचलला आणि माझ्याकडे न बघता दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात दिला. त्याने फोडला. खोबरं वाटलं, मलाही दिलं. नंतर मालक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तुमच्यात चालत नसेल म्हणून त्याला दिला. बरोबरच होतं त्याचं. मी फोडला नसताच. पण मला विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, आणि ते नाही म्हणणं माझं असतं. खोबरं तोंडात घोळत राहिलं, गिळायला वेळ लागला. मनाला म्हटलं, सकाळी घरी आहेस ना? मग गप चालव.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले, खोटं कशाला बोलू. सळ्या नाहीतर पत्रे भरायचे, शहरातल्या कुठल्यातरी बांधकामावर उतरवायचे, रात्री घरी. माल आवारातलीच माणसं बांधायची, मी वर चढायला लागलो की मालक म्हणायचा, विश्वास ठेवायला शीक, आपल्यात असं नसतं. मी तरी थोडं पुढे जाऊन थांबायचो आणि साखळ्या पुन्हा आवळायचो. माल चालता चालता बसतो, आणि माल बसला की साखळी सैल पडते. हे बाबांना खुर्चीत बांधून मला आधीच ठाऊक झालं होतं. सकाळी घट्ट वाटणारा पट्टा दहा मिनिटांनी ढिला असायचा.

पुढे पुढे मालक मला तू म्हणायला लागला. ‘घरचाच माणूस तू’ हे त्याचं पालुपद झालं. रविवारी त्याच्या आईला दवाखान्यात न्यायचं, तर ड्रायव्हर मी. त्याच्या मेव्हण्याचं घर बदलायचं, तर सामान उचलायला मी. दुसऱ्या ड्रायव्हरना तो असं सांगत नसे. ते तेलुगू बोलायचे, काम संपलं की निघून जायचे, आणि तोही त्यांना जाऊ द्यायचा. तो सकाळी मोबाइलवर मराठी सुविचार पाठवायचा. बाबा ते मुलीला वाचायला लावायचे, ती अडखळत वाचायची, ते दुरुस्त करायचे. बाबांना त्यात केवढा आनंद! मी बनियन घालत घालत ऐकायचो आणि मला वाटायचं, याच्यापेक्षा शिव्या परवडल्या.

मग ती लांबची फेरी आली. आदिलाबादकडे पाण्याच्या योजनेचे मोठे पाइप न्यायचे होते. मी म्हणालो, शेठ, तुमचा शब्द होता. तो दुखावल्यासारखा झाला. म्हणाला, दुसऱ्याला सांगितलं तर तो गाडी रस्त्यात सोडून पळेल, म्हणून तुला सांगतो. पहाटे निघ, दुपारी पोच, रात्री उशिरा घरी. एका दिवसाची तर गोष्ट. त्या सकाळी मी बाबांना नेहमीपेक्षा लवकर उठवलं. अर्ध्या झोपेतच त्यांनी पट्टा कमरेला बांधून घेतला.

दुपारी मी पोचलो तर योजनेच्या जागेवरची क्रेन बंद पडलेली. पाइप उतरवायला दुसरा मार्ग नाही. माझ्यापुढे आणखी ट्रेलर उभे. त्यांचे ड्रायव्हर गाडीखाली चादरी टाकून पत्ते खेळत होते, म्हणजे त्यांना सवय होती. मी मालकाला फोन केला. तो म्हणाला, क्रेन काय माझ्या हातात आहे का? मी म्हणालो, सकाळी बाबांना कोण उचलणार?

“वहिनी हायेत की घरी,” तो म्हणाला. “आणि हे बघ, घरच्या माणसानं सुट्टी मागायची नसते.”

त्याचा आवाज अजूनही गोडच होता. मला त्या क्षणी त्याचा राग आला, पण त्याहून जास्त थकवा आला. परक्याने फसवलं की माणूस भांडतो. आपल्याच भाषेत, आपल्याच गावाचा ओढा सांगून बांधलं की नुसतं ओझं वाटतं. मलकपेठेच्या आपांनी मला काहीच कबूल केलं नव्हतं. ते किती बरं होतं, हे त्या रणरणत्या उन्हात मला कळलं.

दुसऱ्या सकाळी क्रेन दुरुस्त झाली नव्हती. बायकोचा फोन आला. ती हळू बोलत होती म्हणजे बाबा जवळच असणार. तिने जाऊन विचारलं होतं, मामा, मी उठवू का? त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. शेजारच्या माणसाला बोलावू का? तेही नाही. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. शेवटी चादर ओली झाली. तिने दुसरी चादर आणि लुंगी त्यांच्या हाताजवळ ठेवली आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली, त्यांना एकट्याने जमेना तरी आत गेली नाही. तिला ड्यूटीला जायचं होतं. तिने सुट्टी टाकली. हे सगळं मी गाडीच्या सावलीत बसून ऐकलं. आजूबाजूला पत्त्यांचा डाव चालला होता आणि मला रडायलाही जागा नव्हती.

पाइप उतरले त्याच्या पुढच्या दिवशी. मी सरळ आवारात गेलो, किल्ली टेबलावर ठेवली. मालक खरोखर गोंधळला. आपण काय चुकलो हे त्याला कळलं नाही आणि मी समजावलंही नाही. तो म्हणत राहिला, आपल्याच माणसाने असं करावं? मी हात जोडले आणि निघालो. तिथे पाठ केलेलं वाक्य कामी आलं, कुणी वाईट मानू नका.

घरी आलो तेव्हा मला वाटलं होतं, दारातच वास येईल. पण बाबा खुर्चीत बसलेले होते. आंघोळ झालेली, केस भांग पाडून विंचरलेले, स्वच्छ लुंगी, आणि कमरेला तो पिवळा पट्टा, माझ्यापेक्षा नीट बांधलेला. बायको आत भाकरी थापत होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने भाकरी तव्यावर टाकली. दोघेही काही सांगेनात. मुलीकडून थोडंथोडं कळलं. ती म्हणाली, “आज सकाळी आजोबांनी स्वतःच मम्मीला बोलावलं, आणि मला बाहेर जायला सांगितलं.”

मी बाबांजवळ बसलो. मला माफी मागायची होती की त्यांना रागवायचं होतं, ठाऊक नाही. मी त्यांना सांगितलं की आपल्या माणसाची नोकरी सोडली. त्यांनी मान हलवली. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “त्याने आडनावही विचारलं असेल.”

मी हो म्हणालो. ते म्हणाले, मला वाटलंच होतं. मग म्हणाले, तरी मला बरं वाटलं होतं रे.

मलकपेठेला गेलो. पट्ट्याचं नाव काढलं तेव्हा आपांनी मला ओळखलं. म्हणाल्या, बावा कैसे हैं? मी सांगितलं. त्यांनी पान लावून माझ्यापुढे केलं, आणि पुन्हा तेच, जबान नाही, माल स्वतः बांधायचा. या वेळी मी ते ऐकून घेतलं आणि हो म्हणालो. जुनी गाडी, फाटकी सीट, एसी नाही. पहिली फेरी ठरली तांदूर गावच्या फरशीच्या दगडांची.

निघायच्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला उठलो. निघायला अजून अवकाश होता, बाबांचं आटोपून जाता आलं असतं. खुंटीवरचा पट्टा काढला, त्यांच्या पलंगाजवळ गेलो. ते जागेच होते. मी वाकलो तर त्यांनी माझं मनगट धरून मला थांबवलं.

“तू नको,” ते म्हणाले. “तू असलास की मला तूच लागतोस. सवय मोडू दे.”

मी म्हणालो, बाबा, आज मी आहे ना. उद्याचं उद्या बघू. त्यांनी ऐकलं नाही. मनगट सोडलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून खाकरले.

ते खाकरणं मी लग्नापासून ऐकत आलो होतो. ते आलं की आत भांडी थांबायची, बांगड्या दूर व्हायच्या, वाट मोकळी व्हायची. त्या सकाळीही आत हालचाल थांबली. मग बायको पिठाचे हात धुऊन, ते पदराला पुसत बाहेर आली, थेट पलंगापर्यंत. तिने माझ्याकडे हात पुढे केला. मी तिला पट्टा दिला. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

बाथरूमचं दार लागलं. आत ती त्यांना दवाखान्यातल्या आवाजात सांगत होती, मामा, माझ्या खांद्यावर हात ठेवा, घाबरू नका. मी बाहेर रिकाम्या हातांनी उभा होतो. आता मी कुठलीही कंपनी निवडू शकत होतो, ती महिन्यातून एकदा घरी पाठवणारीसुद्धा. मग मी डबा उचलला आणि मलकपेठेची बस पकडायला निघालो.